मर्ल ओबेरॉन : मुंबईची जन्मनोंद आणि तास्मानियाची दंतकथा

१९३० आणि १९४० च्या दशकांत ब्रिटिश व अमेरिकी चित्रपटांची आघाडीची नायिका असलेल्या मर्ल ओबेरॉनचा जन्म १९ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईत झाला. मात्र प्रसिद्धी मिळाल्यापासून जवळजवळ अखेरपर्यंत तिचे जन्मस्थान ऑस्ट्रेलियातील तास्मानिया बेट असल्याचेच जगाला सांगितले गेले, आणि चित्रसंस्थांच्या प्रसिद्धी विभागांनी तीच माहिती वृत्तपत्रांतून पुनःपुन्हा छापून आणली. १९७९ मध्ये तिचे निधन झाल्यावर चार वर्षांनी निघालेल्या चरित्राने हे कथानक मोडीत काढले, आणि त्यानंतरचे बहुतेक लेखन या लपवाछपवीभोवतीच फिरत राहिले. त्यामुळे ज्या कायद्यांनी आणि धंद्याच्या ज्या नियमांनी तिच्यावर हे खोटे लादले ते तर नजरेआड झालेच, पण पडद्यावर तिने प्रत्यक्ष केलेल्या कामाचीही उपेक्षा झाली, आणि हा तिच्यावर झालेला दुसरा अन्याय होय.

तिचे मूळ नाव एस्टेल मर्ल आणि घरचे नाव क्वीनी. सिलोनमधून आलेल्या शार्लट सेल्बी या स्त्रीने तिला वाढवले आणि तीच आपली आई अशी मर्लची समजूत होती. पुढे उजेडात आलेल्या जन्मनोंदीवरून असे दिसले की शार्लटची कोवळ्या वयातील मुलगी ही मर्लची जन्मदाती आणि शार्लट ही तिची आजी होती. वडील आर्थर थॉम्पसन हे इंग्लंडमधील डार्लिंग्टनचे, रेल्वेत नोकरी करणारे यांत्रिकी अभियंता. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात भरती झाले आणि पश्चिम आघाडीवर न्यूमोनियाने दगावले. युरोपीय पिता आणि आशियाई रक्ताची माता अशा संबंधांतून तयार झालेल्या समाजाला अँग्लो-इंडियन म्हटले जाई; रेल्वे, तारखाते, टेलिफोन यांसारख्या खात्यांत त्याला नोकऱ्या मिळत, पण गोऱ्या क्लबांची दारे बंद असत आणि भारतीय समाजही त्याला आपला मानीत नसे. १९१७ मध्ये हे कुटुंब कलकत्त्यास गेले. तेथील ला मार्टिनिअर शाळेत मर्लला शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला, परंतु जन्मावरून होणारी हेटाळणी असह्य होऊन तिने शाळा सोडली. त्यानंतर टेलिफोन ऑपरेटरची नोकरी, हौशी नाट्यसंस्थेतील लहानसहान कामे आणि १९२० च्या दशकाअखेरीस युरोपचा प्रवास, असा तिचा मार्ग राहिला.

लंडनमध्ये किरकोळ भूमिका करीत असताना मूळचे हंगेरीचे निर्माता-दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डा यांची नजर तिच्यावर गेली. त्यांच्या ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’ (१९३३) या चित्रपटाने चार्ल्स लॉटन यांना ऑस्कर मिळवून दिले आणि ब्रिटिश चित्रपटाला अमेरिकेचा बाजार खुला केला. त्यात मर्लच्या वाट्याला राणी अ‍ॅन बुलिनची भूमिका आली, आणि तीही केवळ शिरच्छेदाच्या दिवसापुरती. आरशासमोर केस व शिरोभूषण नीट करणारी, काही वेळातच उडवल्या जाणाऱ्या डोक्याची अशी निगा राखणारी ही राणी मर्लने एकही अश्रू न ढाळता उभी केली. भोवतालच्या दासी कासावीस होत असताना तिच्या चेहऱ्यावरचा संयम ढळत नाही, त्यामुळे चित्रपटाचा पुढचा विनोदी भाग पाहतानाही ती सुरुवात मनातून जात नाही. पुढच्याच वर्षी लेस्ली हॉवर्ड यांच्यासमवेतचा ‘द स्कार्लेट पिंपरनेल’ आला आणि तिचे नायिकापद निश्चित झाले.

आता प्रश्न हॉलिवूडचा होता, आणि तास्मानियाच्या कथेचे खरे मूळ येथेच शोधावे लागते. १९१७ च्या अमेरिकी कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातील लोकांना स्थलांतरबंदी केली होती. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नसल्याने नागरिकत्वास अपात्र ठरतो असा निर्णय दिला, आणि ही स्थिती १९४६ पर्यंत टिकली. त्याच्या जोडीला निर्मात्यांनी स्वतःवर घालून घेतलेली ‘हेज संहिता’ १९३४ पासून कडकपणे लागू झाली. पडद्यावर काय दाखवावे आणि काय नाही याची ही नियमावली होती. तिच्या एका कलमाने गोऱ्या व काळ्या वंशांतील प्रणयसंबंध दाखवण्यास मनाई केली होती आणि चित्रसंस्था हा निर्बंध आशियाई कलावंतांनाही लावीत. चिनी वंशाची, पण अमेरिकेतच जन्मलेली गुणी अभिनेत्री अ‍ॅना मे वाँग हिला ‘द गुड अर्थ’ (१९३७) मधील चिनी नायिकेची भूमिकाही मिळाली नाही. ती लुइझ रायनरला गेली आणि रायनरला तिच्यासाठी ऑस्करही मिळाले. आपले मुंबईचे मूळ मर्लने उघडपणे सांगितले असते, तर तिच्याही वाट्याला याहून वेगळे काही येण्याचा संभव नव्हता. तिच्या मौनाला केवळ मोठेपणाची हाव म्हणणाऱ्या टीकाकारांनी हा संदर्भ पुरेसा लक्षात घेतलेला नाही.

निर्माते सॅम्युअल गोल्डविन यांच्या ‘द डार्क एंजल’ (१९३५) मध्ये ती प्रथमच साध्यासुध्या इंग्रज तरुणीच्या रूपात दिसली. युद्धात दृष्टी गमावलेला प्रियकर खोलीतल्या वस्तूंच्या जागा पाठ करून तिच्यासमोर डोळसपणाचे सोंग आणतो, या प्रसंगात फसणे, दुखावले जाणे आणि अखेर उमजणे हे तिन्ही टप्पे तिला पेलावे लागले. या भूमिकेसाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करचे नामांकन मिळाले. पुरस्कार बेटी डेव्हिसने पटकावला. दिग्दर्शक विल्यम वायलर यांचा ‘दीज थ्री’ (१९३६) हा तिचा अधिक सरस चित्रपट म्हणावा लागेल. १९३७ मध्ये लंडनमधील मोटार अपघातात ती जखमी झाली आणि तिची भूमिका असलेला, आधीच अडचणीत आलेला ‘आय, क्लॉडियस’ अर्धवटच सोडण्यात आला.

‘वदरिंग हाइट्स’ (१९३९) हे मात्र तिच्या कारकीर्दीचे शिखर. वायलर यांनी यॉर्कशरचे माळरान कॅलिफोर्नियात उभे केले, लॉरेन्स ऑलिव्हिए यांना हीथक्लिफची आणि मर्लला कॅथीची भूमिका दिली. एमिली ब्राँटेच्या कादंबरीतील हीथक्लिफ सावळ्या वर्णाचा आहे, आणि तो एखाद्या लास्कराचे, म्हणजे इंग्रजी जहाजांवर राबणाऱ्या आशियाई खलाशाचे, पोर असावे असा तर्क त्यातील एक पात्र करते. रत्नागिरीकडच्या किती तरी घरांतील पुरुष अशाच नोकरीवर गेलेले असल्याने मराठी वाचकाला हा उल्लेख परका वाटू नये. चित्रपटात मात्र काळवंडलेल्या परक्याची भूमिका इंग्लंडचा गोरा नट करतो आणि त्याला हलका समजून दूर लोटणारी इंग्रज कन्या मुंबईत जन्मलेली मर्ल साकारते. माळरान शेवटचे पाहता यावे म्हणून हीथक्लिफ मरणासन्न कॅथीला उचलून खिडकीपाशी नेतो, तेव्हा मर्लचा आवाज खाली उतरत जातो आणि डोळे मात्र अधिकाधिक सतेज होत जातात. आधीच्या प्रसंगांत अधूनमधून जाणवणारा तिचा ताठरपणा येथे नाहीसा होतो. या चित्रपटाला आठ नामांकने मिळाली, पण त्यांत तिचे नाव नव्हते.

त्याच वर्षी तिने कोर्डांशी विवाह केला; १९४२ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि क्वीनी ही लेडी कोर्डा झाली. दरम्यान सौंदर्यप्रसाधनांची विषबाधा आणि सल्फा औषधांची प्रतिक्रिया यांमुळे तिच्या चेहऱ्यावर व्रण पडले होते. ‘द लॉजर’ (१९४४) च्या चित्रणाच्या वेळी छायाचित्रकार ल्यूसियन बॅलार्ड यांनी कॅमेऱ्याच्या भिंगालगत एक छोटा दिवा बसवला. उजेड भिंगाच्याच दिशेकडून येत असल्याने सावल्या चेहऱ्यामागे पडतात आणि खाचखळगे भरून निघाल्यासारखे दिसतात, हे या युक्तीमागचे साधे शास्त्र. चित्रपटसृष्टीत हा दिवा आजही तिच्याच नावावरून ‘ओबी’ म्हणून ओळखला जातो. कोर्डांपासून विभक्त झाल्यावर १९४५ मध्ये तिने बॅलार्ड यांच्याशी विवाह केला. याच वर्षी ‘अ साँग टु रिमेंबर’ मध्ये तिने लेखिका जॉर्ज सँड रंगवली. ‘देझिरे’ (१९५४) मधील जोसेफिन वगळता त्यानंतरच्या भूमिकांत विशेष काही उरले नाही.

१९७८ मध्ये तास्मानियातील होबार्ट शहराने आपली कन्या म्हणून तिचे स्वागत केले, तेव्हा प्रकृतीचे कारण देऊन तिने समारंभ अर्ध्यावरच सोडला. त्यानंतर वर्षभराने, २३ नोव्हेंबर १९७९ रोजी, कॅलिफोर्नियात पक्षाघाताने तिचा मृत्यू झाला. चरित्र प्रसिद्ध झाल्यावरही ती आपल्याच बेटावर जन्मली असे मानणारे लोक तास्मानियात पुष्कळ होते, हे २००२ च्या ‘द ट्रबल विथ मर्ल’ या माहितीपटातून दिसून आले. २०२३ मध्ये मिशेल यो हिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे नामांकन आणि पुढे पुरस्कारही मिळाला, तेव्हा ती या विभागातील पहिली आशियाई म्हणावी की नाही असा वाद वृत्तपत्रांतून झाला, आणि अनेकांनी ‘पहिली उघडपणे आशियाई’ अशी शब्दयोजना करून १९३५ च्या त्या नामांकनासाठी जागा मोकळी ठेवली.