टायर आतून खाल्ला, पण कशामुळे? टो, कॅम्बर आणि माझा फसलेला आराखडा

बाहेरून बघाल तर टायर ठणठणीत दिसतो. नक्षी शाबूत, अजून वीसेक हजार किलोमीटर सहज जाईल असं वाटतं. मग गाडी लिफ्टवर चढते, आतल्या कडेला हात फिरवला जातो आणि तिथे सरळ गोटा असतो. कधी कधी तर तारा बाहेर आलेल्या असतात. या टायरवर माणूस आदल्याच रविवारी एक्स्प्रेसवेवरून मुंबईला जाऊन आलेला असतो.

भोसरी, मोशी, चाकण या पट्ट्यात हे दृश्य नवीन नाही. कंटेनरने उखडलेले रस्ते, अंधारात न दिसणारे स्पीडब्रेकर, आणि त्यात रुंद, कमी उंचीच्या टायरच्या वेगवान गाड्यांची हौस. गॅरेजमध्ये निदान ठरलेलं असतं: "स्प्रिंगा बदलून गाडी खाली घेतलीय ना, कॅम्बर गेला." मीही संशोधनाला लागलो तेव्हा हेच धरून चाललो होतो. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं समजून घेताना माझा एक प्रयोग सुरू होण्याआधीच कसा फसला, ते सांगतो. तुमच्यापैकी जे कोणी पीएचडीचा आराखडा लिहीत असतील त्यांनी तो भाग जरा सावकाश वाचा.

आधी दोन शब्द. गाडीकडे समोरून पाहिलं आणि चाक वरून आत झुकलेलं दिसलं, तर तो निगेटिव्ह कॅम्बर. वरून, म्हणजे छतावरून खाली पाहिलं आणि दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांकडे वळलेली दिसली तर टो-इन, बाहेर फाकलेली दिसली तर टो-आउट. कोन इतके लहान की डोळ्यांना दिसत नाहीत, टायरला मात्र जाणवतात.

आता हिशेब करू. समजा प्रत्येक पुढचं चाक ०.२ अंश तिरकं आहे. गाडी सरळ चालली आहे, पण चाकाचं तोंड किंचित भलतीकडे. ०.२ अंशाचा टॅन्जंट सुमारे ०.००३५, म्हणजे प्रत्येक किलोमीटरमागे चाक साडेतीन मीटर आडवं ओढलं जातं. १०,००० किलोमीटरमध्ये ३५ किलोमीटर. ढोबळमानाने चाकणहून पुण्यात येण्याइतकं अंतर तो टायर आडवा आला! अर्थात रबर दगडासारखं अख्खं घासत नाही. रस्त्याला टेकलेल्या भागात ते आधी ताणलं जातं आणि तो भाग रस्ता सोडायच्या बेतात असताना मागच्या टोकाला सरकतं. पण किती ऊर्जा घर्षणात जाते, याच्या हिशेबाला हे आडवं अंतर चालतं.

खरी गंमत पुढे आहे. लहान कोनांना टायरवरचं आडवं बलही कोनाच्या प्रमाणात वाढतं. बल गुणिले अंतर म्हणजे ऊर्जा. कोन दुप्पट केला तर बल दुप्पट, अंतर दुप्पट, ऊर्जा चौपट. शॅलामाख आणि टर्नर यांनी १९६० मध्ये घसरत फिरणाऱ्या चाकांच्या झिजेवर जो निबंध लिहिला, त्याचा गाभा हाच: छोट्या कोनांसाठी झीज कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात जाते. त्यामुळे "जरासाच टो बिघडलाय, चालतंय" या वाक्यातला 'जरासा' फसवा असतो. ०.१ चा ०.३ झाला की घर्षणाची ऊर्जा नऊपट.

मग कॅम्बर निर्दोष का? तसंही नाही. कॅम्बरमुळे भार आतल्या कडेवर सरकतो. टायरची बाजू मऊ आणि उंच असेल तर ती वाकून भार थोडा पसरवते, कमी उंचीच्या ताठ टायरला ते जमत नाही. पण चाक नुसतं झुकलेलं असेल आणि टो शून्य असेल, तर झीज लोक समजतात त्याहून बरीच कमी होते. ढोबळमानाने, टायर कुठे खाणार हे कॅम्बर ठरवतो आणि किती वेगाने खाणार हे टो. दोन्ही एकत्र आले की आतली कड महिन्यांत संपते.

आणि ते एकत्रच येतात, हीच अडचण. चाकणलाच बनणाऱ्या व्हर्टस जीटीसारख्या गाडीचं उदाहरण घ्या. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे ट्विस्ट बीम. अशा रचनेत स्प्रिंग आखूड केली की पुढचा कॅम्बर निगेटिव्हकडे जातो, शिवाय टाय रॉडचा कोन बदलून टोही हलतो. एका पान्याने दोन गोष्टी बदलल्या. आपल्याला दिसते ती स्प्रिंग, म्हणून दोष कॅम्बरला. संशोधनात याला गोंधळात टाकणारा घटक म्हणतात. गॅरेजमध्ये त्याला नाव नाही, पण तो तिथे रोज असतो.

तर मला टो आणि कॅम्बर वेगळे करायचे होते. आराखडा सुंदर वाटत होता: एकच गाडी, एकच चालक, एकच रस्ता. डाव्या पुढच्या चाकाला ०.४ अंश टो, उजव्याला शून्य. उजवं चाक म्हणजे तुलनेचं चाक. ऋतू, वेग, हवेचा दाब, सगळं दोघांना सारखंच. मार्गदर्शकांनाही पटलं. टायरचा नवा संच घ्यायचा ठरला, चार महिन्यांचं वेळापत्रक तयार झालं.

सेटिंग करून घ्यायला भोसरीतल्या एका अलाइनमेंटवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "दादा, यानं फक्त स्टेअरिंग वाकडं होईल."

"काका, पण डाव्याला टो दिलाय, उजव्याला नाही..."

"रस्त्यावर गेल्यावर दोघं वाटून घेतात. अर्धा याला, अर्धा त्याला."

घरी येऊन बलांची आकृती काढली. काकांचं बरोबर होतं. पुढची दोन्ही चाकं स्टेअरिंगच्या जोडणीने बांधलेली आहेत. सरळ जाताना आडव्या बलांची बेरीज शून्य व्हायला हवी, म्हणून चालक नकळत स्टेअरिंग तेवढं फिरवून धरतो आणि दोन्ही चाकं ०.२-०.२ वर येतात. महत्त्वाचा असतो तो एकूण टो. मागच्या चाकांवर प्रयोग केला असता तरी तेच. तिथे गाडीच थोडी तिरकी चालून हिशेब जुळवते. चार महिन्यांनी माझी दोन्ही चाकं सारखीच झिजली असती आणि "टोचा झिजेवर परिणाम नाही" असा निष्कर्ष मी आकडेवारीसकट छापला असता. याचा विचार केला की अजून पोटात गोळा येतो.

नवा आराखडा वेळेत विभागलेला आहे. आधी कमी टो, मग जास्त, मग पुन्हा कमी. तिसरा टप्पा उगाच नाही. नव्या टायरची नक्षी खोल असते, तिचे ठोकळे जास्त हलतात, म्हणून झिजेचा वेग टायरच्या वयानुसार आपोआप बदलतो. पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्याची तुलना केली की हा बदल हिशेबातून वजा करता येतो. टप्पा किती लांब ठेवायचा, हे खोली मोजायच्या गेजने ठरवलं. नवी नक्षी ८ मिमी, कायद्याची मर्यादा १.६, टायर ४०,००० किलोमीटर चालला असं धरलं तर हजार किलोमीटरला ०.१६ मिमी झीज. गेज ०.१ पर्यंतच भरवशाचं. म्हणजे हजार किलोमीटरचा टप्पा निरर्थक. ५,००० ला ०.८ मिमी मिळतात, तेवढ्यावर काहीतरी बोलता येतं. रोज १२० किलोमीटर धरले तर एक टप्पा सहा आठवड्यांचा.

यात पावसाळा नको. ओल्या रस्त्यावर रबर कमी झिजतं, पाणी घर्षण आणि तापमान दोन्ही उतरवतं. जूनआधी एक टप्पा आणि नंतर एक केला, तर श्रेय टोला जाईल आणि काम पावसाने केलेलं असेल. म्हणून सुरुवात नोव्हेंबरात.

मोजमापाचे दोन खड्डे तेवढे सांगतो. पहिला, मिनिटं आणि दशांश. मशीनवर १२ मिनिटं लिहिलेलं असतं, ते ०.२ अंश, मुलं वहीत ०.१२ लिहितात. वर्गाचा नियम आठवा: ऊर्जेच्या अंदाजात जवळजवळ पावणेतीनपट चूक. टो मिलिमीटरमध्ये दिला असेल तर रिमही विचारा, कारण एकूण ०.४ अंश म्हणजे १६ इंची रिमवर सुमारे २.८ मिमी आणि १८ इंचीवर ३.२. दुसरा खड्डा पुनरावृत्तीचा. गाडी मशीनवरून उतरवा, क्लॅम्प काढा, पुन्हा चढवा, पुन्हा मोजा. समजा ०.१०, ०.१८, ०.१४ असे आकडे आले, तर तुमच्या "०.०५ ने टो सुधारला" या वाक्याला काही आधार उरत नाही. एकदाच मोजलं असतं तर हे कळलंही नसतं.

काका आता माझ्यासाठी प्रत्येक गाडीचा 'आधी'चा कागद छापून ठेवतात. पूर्वी तो छापतच नव्हते. गिऱ्हाइकाला 'नंतर'चे हिरवे आकडे दाखवले की काम झालं. पण टायर खाल्ला तो त्या 'आधी'च्या आकड्यांवर. फोल्डरमध्ये असे सदतीस कागद जमलेत. त्यातल्या अकरांवर आत-मध्य-बाहेर अशा तिन्ही ठिकाणची नक्षीची खोली नोंदवायची राहून गेली, आणि ते टायर केव्हाच भंगारात गेले.