सवलत आहे, सोबत नाही

सरकारी खरेदीत लहान उद्योगांना वाटा मिळावा, हे तत्त्व आपल्याकडे केव्हाच मान्य झाले आहे. केंद्र सरकारच्या 2012 च्या आदेशाने मंत्रालये व सार्वजनिक उपक्रम यांच्या खरेदीतील 20 टक्के भाग सूक्ष्म व लघु उद्योगांना नेमून दिला. 2018 साली तो 25 टक्के झाला. त्यांतील 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचा. बयाण्याची रक्कम माफ, निविदापत्रे विनामूल्य. कागदावर याहून अधिक ते काय हवे?

परंतु नंदुरबार जिल्ह्यातील खापर येथे लोखंडी खाटा व कपाटे करणाऱ्या एखाद्या आदिवासी कारागिराच्या जागी वाचकांनी क्षणभर स्वतःस कल्पावे. परिसरातील आश्रमशाळा नि वसतिगृहे, म्हणजे गिऱ्हाईक दाराशीच. मात्र केंद्राचा आदेश राज्याच्या या खरेदीस लागू नाही. आणि केंद्राकडे जावे तर निविदा संगणकावर. तीत मागील उलाढालीचा व पूर्वी असेच काम केल्याचा दाखला मागितलेला. काम नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून काम नाही! ही अट शिथिल करता येते. पण केलीच पाहिजे, असे बंधन नाही, आणि नवख्यासाठी जोखीम पत्करणारा अधिकारी विरळाच.

अमेरिकेने या कोंडीवर काढलेला तोडगा आम्हांस विचारार्ह वाटतो. तेथील संरक्षण खात्यासाठी 1990 च्या कायद्याने मोठ्या कंपनीने लहानीस हाताशी धरण्याची योजना आली. 2016 पासून सर्वच लघुउद्योगांना तशी वाट खुली झाली. दोघे मिळून लघुउद्योगांसाठी राखीव असलेल्या कामाची निविदा भरतात, वडीलधाऱ्याचा अनुभव धाकट्याच्या कामी येतो. मात्र भागीदारीत किमान 51 टक्के मालकी धाकट्याची आणि भागीदारीच्या कामातील किमान 40 टक्के त्याने स्वतः केलेच पाहिजे. ही दुसरी अट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. कारण नाव एकाचे नि काम भलत्याचे, हा प्रकार आपल्याला मुळीच अपरिचित नाही.

आपल्याकडे 2005 साली पुण्यात दलित उद्योजकांचे चेंबर स्थापन झाले, 2016 मध्ये केंद्राने अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी राष्ट्रीय हब काढले. हे प्रयत्न स्तुत्यच. पण शिबिरात निविदा भरण्यास शिकवता येते. पाठीशी अनुभवाचे बळ उभे करणे शिबिराच्या आवाक्यातले नव्हे.

तळोद्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या कक्षेतील खरेदीपासून प्रारंभ करावा. मोठ्या पुरवठादाराने स्थानिक कारखानदारास भागीदार घ्यावे, त्याच्या कामाचा वाटा करारात आकड्यांनी लिहावा आणि बिलाची रक्कम थेट त्याच्या खात्यात पडावी. राज्य शासनाने एवढा आदेश काढण्यास कोणत्याही नव्या समितीची गरज नाही.