परदेशातील सरकारी पद आणि शिफारसपत्र

गुरुकुंज मोझरी व आसपासच्या खेड्यांतील आपली मुले-मुली आज पदवीधर होत आहेत, ही समाधानाची बाब होय. परंतु परदेशातील भारतीय वकिलातीत नोकरीचा विषय निघाला की, "मोठ्या माणसाची चिठ्ठी असल्याशिवाय आपल्याला कोण विचारतो?" असे म्हटले जाते. या समजुतीपायी होतकरू विद्यार्थी अर्जच करीत नाही. किंवा बाप चिठ्ठी मिळवून देणाऱ्याच्या हाती कष्टाचा पैसा ठेवतो. म्हणून शिफारस म्हणजे नेमके काय, हे आपण समजून घेऊ या.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविषयी कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडनचे प्राध्यापक फॉक्सवेल यांना पत्र लिहिले. सेलिग्मन यांनी बाबासाहेबांना शिकविले होते, त्यांचा अभ्यास पाहिला होता. केरळातील गरीब दलित कुटुंबात जन्मलेले के. आर. नारायणन यांना लंडनमधील त्यांचे गुरू हॅरॉल्ड लास्की यांनी पंडित नेहरूंच्या नावे पत्र दिले. १९४९ साली नारायणन परराष्ट्र सेवेत दाखल झाले व पुढे राष्ट्रपती झाले. ही पत्रे विकत घेतलेली नव्हती. त्यांच्यामागे विद्वत्ता उभी होती.

आज मात्र भारतीय परराष्ट्र सेवेची वाट संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून जाते. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा व मुलाखत या तीन पायऱ्यांत शिफारसपत्राला जागा नाही. उलट उमेदवारीसाठी वशिला लावणारा अपात्र ठरू शकतो. परराष्ट्र मंत्रालयातील सहायक कक्ष अधिकारी हे पद पदवीधरांसाठी असून, ते कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेने भरले जाते. त्या पदावरील कर्मचाऱ्यांनाही परदेशी वकिलातींत नेमणूक मिळते.

आधीच केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्या बांधवांनी प्रतिनियुक्तीवर परदेशी जावयाचे असल्यास अर्ज आपल्या कार्यालयामार्फतच पाठवावा. तेथे कामगिरी मूल्यमापन अहवाल व दक्षता विभागाचा निर्वाळा हीच खरी शिफारस. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतील नियम २० प्रमाणे सेवेच्या बाबतीत वरिष्ठांवर राजकीय वजन आणणे निषिद्ध आहे. खासदार-आमदारांची चिठ्ठी येथे उपयोगी पडण्याऐवजी नडते.

परदेशी विद्यापीठात प्रवेश घेताना मात्र प्राध्यापकांची पत्रे लागतात. तेव्हा ज्यांनी आपला अभ्यास पाहिला, अशाच गुरुजनांकडे जावे. गुणपत्रिका, केलेल्या कामाची टिपणे व अंतिम तारीख त्यांच्या हाती द्यावी. पुरेसा अवधीही द्यावा. ओळख नाही म्हणून संकोचू नये. वर्गात नियमित बसणे व प्रश्न विचारणे, हीच ओळख.

आपल्या विद्यार्थ्यांनी चिठ्ठीची वाट न पाहता अर्जाची तारीख पाहावी, एवढीच आमची कळकळीची विनंती.

जयभीम!