सड्यावरचं पाऊल

सप्टेंबरात साताऱ्याहून कासला जाताना दोन तऱ्हेची माणसं भेटतात. एकांनी मोबाइलवर जांभळ्या गालिच्याचे फोटो पाहिलेले असतात आणि त्या गालिच्यात बसलेला स्वतःचा फोटो हवा असतो. दुसऱ्यांच्या गळ्यात भिंग असतं. तिकीट, पायवाट, स्वयंसेवकांची शिट्टी दोघांना सारखीच. तरी फुलं तुडवली जातात ती बहुतेक पहिल्यांकडून. निसर्ग कशासाठी आहे याचं उत्तर माणूस घरूनच घेऊन निघतो आणि त्याचं पाऊल त्या उत्तराप्रमाणे पडतं, हे माझं मत कासच्या फेऱ्यांनी पक्कं केलं.

अभ्यासकांनी यावर पुष्कळ लिहिलं आहे. डनलॅप आणि व्हॅन लिअर यांनी १९७८ मध्ये पर्यावरणाविषयीचा दृष्टिकोन मोजणारी प्रश्नावली तयार केली. मूल्यांतून धारणा, त्यांतून वर्तन अशी साखळी पुढे स्टर्न यांनी मांडली. ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्टमध्ये चाल्डिनी यांनी पाट्यांचा प्रयोग केला. पूर्वी अनेकांनी इथलं अश्मीभूत लाकूड उचलून नेलं, असं सांगणाऱ्या पाटीजवळ चोरी उलट वाढली! एवढं पुरे. आता कासच्या सड्यावर, म्हणजे पठारावर जाऊ.

कास म्हणजे सुमारे १२०० मीटर उंचीवरचा जांभा आणि त्यावर जेमतेम काही बोटं माती. पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागा २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यांत हा सडा आहे. पावसाने धुतलेल्या या मातीत नायट्रोजन फार कमी, म्हणून इथल्या काही वनस्पती किडे खातात. माझा जीव अडकलाय तो त्यांच्यात. जांभळा गालिचा ज्यांचा असतो त्या फुलांपैकी एक सीतेची आसवं. नखाएवढं फूल, आणि खाली ओल्या मातीत सूक्ष्म फुगे. फुग्याच्या दाराशी असलेल्या केसाला एखाद्या जिवाचा धक्का लागला, की सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळात दार उघडतं आणि तो जीव पाण्यासकट आत ओढला जातो. बुटाने फूल मोडलेलं दिसतं, फुगे चिरडलेले कोणाला दिसत नाहीत. शेजारीच दवबिंदू ही वनस्पती. तिच्या तांबूस केसांवर चिकट थेंब चमकतात आणि त्यांना अडकलेलं चिलट सुटायला धडपडत असतं.

एका वर्षी पुण्याकडचं एक कुटुंब वाट सोडून आत शिरलं. मुलगा फुलांत बसणार, तोच तिथल्या गाइड ताई म्हणाल्या, "दादा, जरा थांबा. बुटापाशी बघा, शिकार चाललीय." त्यांनी भिंग पुढे केलं. मुलगा उकिडवा बसला, मग त्याची आई, मग वडील. अडकलेलं चिलट तिघांनी आळीपाळीने पाहिलं. परतताना आई प्रत्येक पाऊल दगड शोधून टाकत होती आणि मागच्यांनाही तसंच चालायला बजावत होती. दिवसभर शिट्ट्या ऐकून हे झालं नसतं.

दिवसाला ३००० पर्यटकांची मर्यादा आणि ऑनलाइन आरक्षण मला मान्य आहे. सड्याला तेवढा श्वास हवाच. तारेचं कुंपण मात्र मला कधी पटलं नाही. कुंपणाने गुरं अडली, चराई थांबली, गवत माजून बुटकी फुलं दबली, अशी ओरड स्थानिकांनी केली आणि पुढे ते काढलंही गेलं. ती तार ओढण्याऐवजी कास, एकीव, आटाळी, कुसुंबीच्या आणखी पोरापोरींच्या हाती भिंगं दिली असती तर बरं झालं असतं. त्यांना झाडं आजीच्या तोंडून माहीत असतात. दहा-बारा जणांमागे एक गाइड सक्तीचा करावा, त्याचे पैसे तिकिटातच घ्यावेत आणि ते थेट गावात जावेत.

हे कासपुरतं ठेवूनही चालणार नाही. पवनचक्क्यांच्या चाळकेवाडीच्या सड्यावरही पावसाळ्यात अशीच फुलं येतात. मी गेलो तेव्हा तिथे शिट्टी नव्हती, गाइड नव्हता, आणि फोटोसाठी लोक गाड्या थेट फुलांवर चढवत होते.