पोर्तुगीजांच्या आधीचे कोकणी ख्रिस्ती: थडगी कशी ओळखायची?

गैरसमज: कोकणात ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांनी आणला.

पोर्तुगीजांनी रेवदंड्याला किल्ला बांधायला घेतला 1521 मध्ये. त्याच्या दोनशे वर्षं आधी, 1321 मध्ये, ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले आणि जोर्दानुस या डोमिनिकन साधूने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. पुढे आलेला ओदोरिक हा साधू लिहितो, की ठाण्यात नेस्टोरियन, म्हणजे पौर्वात्य चर्चच्या, ख्रिस्त्यांची पंधरा घरं होती आणि हे साधू त्यांच्यातल्याच एका घरी उतरले होते. म्हणजे ही वस्ती आधीपासूनची. सहाव्या शतकातला व्यापारी कॉस्मास तर 'कल्लियाना' इथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचं नोंदवतो, आणि बरेच अभ्यासक ते कल्याणच मानतात.

गैरसमज: थडगं पूर्व-पश्चिम असलं की ते ख्रिस्तीच.

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ख्रिस्ती परंपरेत मृताला उताणं ठेवतात, डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला. कोकणातून मक्का साधारण पश्चिमेला, म्हणून मुस्लिम कबर उत्तर-दक्षिण असते आणि देह उजव्या कुशीवर. तेव्हा पूर्व-पश्चिम दिशेवरून मुस्लिम कबरीची शक्यता बरीचशी मावळते, इतकंच. दफन हिंदूंमध्येही आहे: लहान मुलं, संन्यासी, लिंगायत (तेही बसलेल्या स्थितीत). बेने इस्रायल हे ज्यूही याच किनाऱ्याचे. एकट्या सांगाड्यावरून काही ठरत नाही. एकाच दिशेने, ओळीत, एकमेकांना न छेदणारी बरीच थडगी मिळाली, सोबत क्रूस किंवा पहलवी (जुन्या इराणी लिपीतला) लेख मिळाला, तर दावा उभा राहतो. गोव्यात आगशीला 2001 मध्ये पहलवी लेख असलेला क्रूस मिळाला, तो म्हणूनच मोलाचा.

गैरसमज: इराणी भांडी मिळाली, म्हणजे इराणी ख्रिस्ती राहत होते.

चौल आणि घारापुरीला पश्चिम आशियातले, आतून डांबर लावलेले निमुळते रांजण मिळाले आहेत. पण ते व्यापाराचा पुरावा आहेत, धर्माचा नव्हे. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला, शिलाहारांच्या अमलात, अरब प्रवासी अल्-मसूदी चौलला आला तेव्हा तिथे सुमारे दहा हजार मुसलमान असल्याचं तो लिहितो; म्हणजे पश्चिमेकडचा माल दिसला की मालक ख्रिस्तीच, असं म्हणता येत नाही.

गैरसमज: कार्बन चाचणी केली की काळ पक्का.

मासळीवर जगणाऱ्यांच्या हाडांत समुद्रातला जुना कार्बन उतरतो. त्यामुळे वय खऱ्यापेक्षा शेकडो वर्षं जास्त दिसू शकतं. हा हिशेब न करता सोळाव्या शतकातला माणूस तेराव्या शतकातला ठरवला, तर पोर्तुगीजपूर्व काळाचा सगळा युक्तिवादच कोसळतो. शिवाय जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत हाडं विरघळतात. शिंपल्यांच्या चुन्याने भरलेल्या किनाऱ्याच्या वाळूत ती टिकतात.

आणि नेमकी हीच वाळूची पट्टी आज बंगल्यांसाठी उकरली जातेय, याचं मला फार वाईट वाटतं. हाडं उचलून बाजूला ठेवली की दिशा, खोली, शेजारचं खापर सगळं गेलं. पायाच्या खड्ड्यात सांगाडा दिसला तर काम थांबवा, जागेवरच फोटो काढा, पोलिसांना आणि तहसीलदारांना कळवा, आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाचा माणूस येईपर्यंत फावडं लावू नका.