दारापाशी थांबलेली गोष्ट
विज्ञान आणि समाज : लेखांक नववा

कमला सोहोनी हे नाव काढले की एक प्रसंग हमखास सांगितला जातो. साल १९३३. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली कमला भागवत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज करते. वडील आणि काका दोघेही याच संस्थेत शिकलेले. संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन मुलगी आहे म्हणून तिला प्रवेश नाकारतात. ती मागे हटत नाही, आणि अखेर वर्षभरासाठी अटी घालून तिला आत घेतले जाते. प्रसंग खरा आहे, संताप आणणारा आहे, आणि तो शाळाशाळांतून सांगितला जातो हे चांगलेच आहे. पण सांगणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारून पाहावा : आत गेल्यावर कमलाबाईंनी केले काय? इथे बहुतेकांचे अडते. ‘केंब्रिजची पीएच.डी. मिळवली’ एवढे उत्तर मिळते. ती कोणत्या विषयात, त्यातून काय नवे कळले, आपल्या रोजच्या जगण्याशी त्याचा काय संबंध, हे सहसा कोणाला सांगता येत नाही.

आता याच्या शेजारी दुसरे नाव ठेवू. जयंत नारळीकर म्हटले की विज्ञानाशी फारसा संबंध नसलेला मराठी वाचकही सांगतो की विश्वाची सुरुवात महास्फोटाने झाली हे या माणसाला पटत नव्हते. त्याला त्यातले गणित येत नसेल, पण वाद कशावरून आहे हे ठाऊक असते. खुद्द रामन यांच्याबद्दलही प्रकाशाच्या विकिरणाचे काहीतरी वाक्य शाळकरी मुलाच्या तोंडी असते. म्हणजे अवघड विज्ञान आपल्याकडे पोचतच नाही, असे नाही. ते पोचवायचे ठरवले तर पोचते. वैज्ञानिक स्त्रियांच्या बाबतीत मात्र आपण त्यांची गोष्ट प्रयोगशाळेच्या दारापर्यंत आणतो आणि तिथेच थांबवतो. माझे म्हणणे असे की विज्ञानाचा लोकांशी संवाद ही वैज्ञानिक स्त्रियांच्या बाबतीत हौसेची किंवा प्रसिद्धीची बाब नाही. त्यांचे काम लोकांपर्यंत गेले नाही, तर विज्ञानात त्यांची जागा कायम पाहुण्याची राहते. पाहुणीला आत कसे घेतले याची चर्चा होते, तिने काय केले याची होत नाही.

तर आत काय घडले ते पाहू. केंब्रिजमध्ये कमलाबाई बटाट्याच्या पेशींवर काम करत होत्या. जिवंत पेशी अन्नातून ऊर्जा काढते ती एका फटक्यात नाही. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन एका वाहकाकडून दुसऱ्याकडे असे टप्प्याटप्प्याने सोपवले जातात आणि शेवटी ऑक्सिजनपर्यंत जातात. या वाटेवर थोडी थोडी ऊर्जा मोकळी होते आणि पेशी ती साठवून घेते. या साखळीच्या शेवटाजवळ सायटोक्रोम-सी नावाचे एक छोटे प्रथिन असते, ज्याच्या गाभ्यात लोहाचा अणू असतो. सायटोक्रोमांचे महत्त्व डेव्हिड कीलिन यांनी १९२५ मध्ये केंब्रिजमध्येच उजेडात आणले होते. वनस्पतींच्या पेशींमधल्या ऑक्सिडीकरणातही सायटोक्रोम-सी भाग घेते, हे कमलाबाईंनी दाखवले. त्यांचा प्रबंध सुमारे चाळीस पानांचा होता आणि १९३९ मध्ये त्यांना त्यावर डॉक्टरेट मिळाली. या शोधाचे मोल कळायला जीवरसायनाची पदवी लागत नाही. बटाटा, यीस्ट, घोडा आणि माणूस यांच्या पेशी श्वसनासाठी एकाच घराण्यातले प्रथिन वापरतात, एवढे सांगितले तरी पुरे. पुढच्या संशोधनातून हेही कळले की माणसाच्या सायटोक्रोम-सीमध्ये १०४ अमिनो आम्ले असतात आणि चिंपांझीच्या सायटोक्रोम-सीमध्ये नेमकी तीच, त्याच क्रमाने असतात. सायनाइड काही मिनिटांत जीव घेते, तेही याच साखळीचा शेवटचा दुवा अडवून. दहावीच्या वर्गात हे सांगता येते. त्यासाठी लागतो तो अर्धा तास, आणि हे सांगण्याजोगे आहे असे वाटणारा कोणीतरी.

माझ्या मते त्यांचे मुंबईतले काम याहूनही आपल्या जवळचे आहे. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्र शिकवताना त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आपल्या कडधान्यांतल्या अशा प्रथिनांचा अभ्यास केला, जी पचनाच्या आड येतात. स्वादुपिंडातून येणारे ट्रिप्सिन हे विकर अन्नातल्या प्रथिनांचे तुकडे करते. कच्च्या कडधान्यांत या ट्रिप्सिनला जखडून ठेवणारी प्रथिने असतात. शिवाय तांबड्या रक्तपेशींच्या गुठळ्या करणारी आणखी काही प्रथिने असतात. त्यांनी तपासलेल्या कडधान्यांत आपला वालही होता. उष्णता दिली की या प्रथिनांची घडी मोडते आणि त्यांचा उपद्रव बहुतांशी संपतो. वालाचे बिरडे करताना बाई वाल रात्रभर भिजवते, फडक्यात बांधून मोड आणते, कोमट पाण्यात घालून एकेक सोलते आणि मग नीट शिजवते. या खटाटोपातल्या शिजवण्याच्या पायरीचे रसायन मुंबईच्या त्या प्रयोगशाळेत उलगडत होते. राजमा अर्धाकच्चा खाल्ला तर उलट्या का होतात आणि तो खळखळून उकळायलाच का हवा, याचे उत्तरही इथेच आहे. कडधान्यांवर जगणाऱ्या देशाला याहून उपयोगाचे विज्ञान कोणते? तरीही कमलाबाईंवरच्या लेखात वाल क्वचितच भेटतो.

नीरेचेही तसेच. डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी हे काम हाती घेतले. ताडामाडाचा रस पहाटे उतरवला आणि आंबू दिला नाही तर नीरा, ऊन लागून आंबला तर ताडी. नीरेत अ आणि क जीवनसत्त्वे आणि लोह किती आहे, आणि ती आटवून गूळ केला तर त्यातले किती टिकते, हे त्यांनी मोजले. पुढे कुपोषित आदिवासी मुलांच्या आणि गर्भवती स्त्रियांच्या आहारात नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचे दिसले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. मुंबई-पुण्यात नीरा केंद्रासमोर उभे राहून ग्लास रिकामा करणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असेल?

कमलाबाईंना स्वतःला या संवादाची गरज ठाऊक होती. १९६६ मध्ये मुंबईत काही स्त्रियांनी एकत्र येऊन कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहकांची संस्था काढली. कमलाबाई तिच्या संस्थापक सदस्यांपैकी होत्या आणि पुढे १९८२-८३ मध्ये अध्यक्षही झाल्या. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहिले. आयुष्यभर विकरे आणि प्रथिने मोजलेली प्राध्यापक निवृत्तीनंतर बाजारातल्या मालाविषयी लिहिते, तेव्हा ती विज्ञान सोडून समाजसेवेकडे वळली असे मानण्याची आपल्याला सवय आहे. मला ती समजूत चुकीची वाटते. आहाराचे विज्ञान प्रयोगशाळेत पूर्ण होत नाही. डाळीत काय आहे, तिच्यात भेसळ कशाची होते आणि ती ओळखायची कशी, हे विकत घेणाऱ्याला कळत नाही तोवर ते ज्ञान अर्धेच राहते. म्हणून ते लेख त्यांच्या संशोधनाचाच पुढचा टप्पा होते.

हे एकट्या कमलाबाईंच्या वाट्याला आले असते, तर योगायोग म्हणून सोडून देता आले असते. पण डॉ. रखमाबाईंचे पाहा. १८८० च्या दशकात त्यांच्यावर चाललेला खटला आणि नवऱ्याकडे नांदायला जाण्यापेक्षा तुरुंग पत्करण्याची त्यांची तयारी मराठी माणसाला माहीत आहे. त्यानंतर त्या लंडनला जाऊन १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि सुरतेत व राजकोटला त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ स्त्रियांवर उपचार केले. खटला चालला चारेक वर्षे, डॉक्टरकी त्याच्या कितीतरी पट. आपल्या सांगण्यात हे प्रमाण उलटे झाले आहे. आनंदीबाई जोशींची गोष्ट वेगळी, कारण त्यांना काम करायला आयुष्यच मिळाले नाही. पण त्यांच्या गोष्टीचा साचा आपण त्यांच्यानंतरच्या सगळ्याजणींना लावत आलो.

‘पहिली महिला’ ही पदवीसुद्धा याच साच्यातून येते. कमलाबाईंना विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हटले जाते. पण वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने १९३१ मध्येच डॉक्टरेट दिली होती. मग पहिली कोण यावर वाद होतात, आणि जानकी अम्मल यांनी उसाच्या गुणसूत्रांवर काय काम केले हे पुन्हा बाजूलाच पडते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. अडथळ्यांची गोष्ट मागे सारली तर अन्याय झाकला जाईल, पुढच्या मुलींना वाटेल की वाट नेहमीच मोकळी होती. मला ती गोष्ट पुसायची नाही. उलट मी म्हणेन की कामाची माहिती नसली तर अन्यायाचे खरे मापही कळत नाही. १९३३ चा तो नकार टिकला असता तर काय गमावले असते? वाल, नीरा आणि बटाट्याचा सायटोक्रोम माहीत असलेल्यालाच हे सांगता येईल. बाकीच्यांसाठी तो एका मुलीचा व्यक्तिगत अपमान ठरतो. तो देशाचे नुकसान करणारा निर्णय होता, हे त्यांना दिसत नाही.

दुसरा आक्षेप वैज्ञानिक स्त्रियांकडूनच येतो, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. संशोधन करा, शिकवा, घर सांभाळा, आणि वर आता लोकांशी संवादही तुम्हीच साधा, हे ओझे कशासाठी? हे ओझे त्यांच्यावर नकोच. ते वृत्तपत्रांनी, मासिकांनी, पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी आणि आमच्यासारख्या लेखकांनी उचलायचे आहे. वैज्ञानिक स्त्रीची मुलाखत घेताना ‘घर आणि प्रयोगशाळा यांचा मेळ कसा घालता’ हा प्रश्न पहिला येतो. त्याआधी ‘सध्या तुम्ही कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधत आहात’ हे विचारायला जास्त वेळ लागत नाही, आधी थोडा अभ्यास मात्र करावा लागतो. जिथे विषय समोर आला, तिथे आपले लोक तो घेतात याचा पुरावा जवळचाच आहे. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातल्या संख्यावाचनावरून वाद पेटला, तेव्हा गणितज्ञ मंगला नारळीकर पुढे झाल्या आणि मुलांना जोडाक्षरांची संख्यानावे का जड जातात हे त्यांनी सांगितले. लोक त्यांच्याशी भांडले. पण भांडण गणित कसे शिकवावे यावर होते, आणि ते घराघरांत झाले.

राहिला मराठीचा प्रश्न. विज्ञान मराठीत नीट सांगता येत नाही, हा समज मुळात टिकणारा नाही. ‘सृष्टिज्ञान’ मासिक १९२८ पासूनचे आहे आणि मराठी विज्ञान परिषद १९६६ पासूनची. परंपरा आहे, वाचक आहेत. कमी आहे ती निवडीत : कोणाचे काम सांगायचे आणि कोणाचे नुसते चरित्र, या निवडीत.

पुढच्या लेखांकात अशीच एक राहून गेलेली गोष्ट घेऊ. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणकांवर संशोधन केलेल्या अण्णा मणी यांना एम.एस्सी. नाही म्हणून डॉक्टरेट नाकारली गेली, एवढे पुष्कळांना माहीत असते. १९४८ मध्ये त्या पुण्याच्या वेधशाळेत, म्हणजे पुणेकरांच्या सिमला ऑफिसात, रुजू झाल्या. पाऊस, वारा आणि ऊन मोजण्याची परदेशातून येणारी उपकरणे देशातच बनवण्याचे काम त्यांनी तिथे उभे केले. भारतात कुठे किती सौर ऊर्जा मिळते याची आकडेवारी त्यांनी १९८० मध्ये पुस्तकरूपाने दिली. घरावर सौर पॅनेल बसवताना ‘इथे वर्षभर ऊन किती पडते’ हा जो पहिला हिशेब मांडावा लागतो, त्यासाठी ऊन मोजतात तरी कसे, तिथूनच सुरुवात करू.