उंचावलेला हात कुणी घडवला?

अक्कलकोट तालुक्यातल्या मैंदर्गीहून सोलापूरला निघालं, की अक्कलकोटनंतर वळसंग लागतं. 1937 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे आले आणि दलितांनी खोदलेल्या विहिरीचं लोकार्पण त्यांनी केलं. या भागात बाबासाहेब आधी पाण्यापाशी आले. पुतळे फार नंतर आले. पुतळ्यातले बाबासाहेब मात्र सगळीकडे एकसारखे दिसतात. अंगात सूट, डाव्या हातात संविधान, उजवा हात उंचावलेला, बोट पुढे. हे रूप ठरवलं कुणी?

सुरुवात कोल्हापुरात झाली. 9 डिसेंबर 1950 रोजी बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे अर्धपुतळे उभे राहिले. पुढाकार भाई माधवराव बागलांचा, शिल्पकार बाळ चव्हाण. बाबासाहेब तेव्हा हयात होते, देशाचे कायदामंत्री होते. हयात राजकारण्याचा पुतळा म्हटलं की आपल्याला खुशामतीचा वास येतो. बागलांच्या बाबतीत तो आरोप टिकत नाही. आयुष्यभर सत्तेशी भांडलेल्या माणसाने तिची हांजी हांजी करायला फुल्यांना शेजारी कशाला आणलं असतं?

अर्धपुतळ्यात मात्र हात नव्हते. ते दिले शिल्पकार ब्रह्मेश वाघ यांनी. दक्षिण मुंबईत इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सजवळ 1962 मध्ये त्यांनी घडवलेला बाबासाहेबांचा ब्राँझचा पूर्णाकृती पुतळा बसला. मग संसदेच्या हिरवळीवर त्यांनीच घडवलेला साडेबारा फुटी ब्राँझ पुतळा आला. डॉ. आंबेडकर स्मारक समितीने तो भेट दिला आणि 2 एप्रिल 1967 रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी अनावरण केलं. वाघांचे बाबासाहेब ध्यानस्थ नाहीत, आशीर्वादही देत नाहीत. पाऊल पुढे टाकून ते काही बजावून सांगताहेत. गावोगावच्या कारागिरांनी हीच ढब उचलली. ब्राँझ परवडेना तिथे सिमेंट आलं, मग फायबर. कोटाला निळा रंग मिळाला. नाकडोळे चुकले तरी हात चुकला नाही, म्हणून बाबासाहेब लांबूनही ओळखू येतात. विसाव्या शतकातल्या मराठी शिल्पकलेतली इतकी पसरलेली दुसरी कृती मला तरी दिसत नाही.

संसदेतला तो पुतळा जून 2024 मध्ये गांधीजी आणि शिवाजी महाराजांच्या पुतळ्यांसह हलवून 'प्रेरणा स्थळा'त ठेवला गेला. निदर्शनांची जागाच काढून घेतली, असं विरोधक म्हणाले. सगळे पुतळे एका जागी पाहता येतील, असं सरकारी उत्तर आलं. मला विरोधकांचं म्हणणं अधिक पटतं. त्याच वर्षी 26 ऑगस्टला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा कोसळला. अनावरणाला नऊ महिनेही झाले नव्हते. एरवी ज्याला कुणी विचारत नाही त्या शिल्पकाराचं नाव त्या दिवशी घराघरात पोहोचलं.

पुतळा पडला की शिल्पकार आठवतो. उभा असेपर्यंत कोनशिलेवर अनावरण करणाऱ्या पुढाऱ्याचं नाव ठळक अक्षरांत झळकतं. आपल्याकडे नवा पुतळा बसवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि कला संचालनालयाची मान्यता लागते. त्या कागदांवर शिल्पकाराचं नाव येतंच. मग तेच नाव, ओतकाम करणाऱ्याच्या आणि वर्गणीदारांच्या नावांसह, दगडावर कोरायला काय हरकत आहे? मैंदर्गीपासून मुंबईपर्यंतच्या नगरपालिकांनी आणि जयंती मंडळांनी एवढं मनावर घ्यावं, आणि जुन्या चौथऱ्यांपासून सुरुवात करावी.